दाद

आमच्या घरी स्तुती करण्याची रीत नव्हती. वाईजवळच्या आमच्या गावी वडील शेतावरून येत, हातपाय धुऊन जेवायला बसत आणि पहिला घास घेतल्यावर कधी कधी म्हणत, "आज मीठ बरोबर पडलंय." एवढेच. आई चुलीपुढून मान वर करीत नसे. पण त्या दिवशी तिच्या भाकरी थापण्याचा आवाज थोडा निराळा येतो, असे मला लहानपणी वाटे. मुलाचे कौतुक केले तर त्याला दृष्ट लागेल, सुनेचे केले तर ती डोक्यावर बसेल आणि बायकोचे चारचौघांत केले तर लोक हसतील, या तीन भीतींनी आमच्याकडची कितीतरी चांगली वाक्ये ओठांच्या आतच अडवून ठेवली. त्यामुळे एखादी व्यक्ती मनापासून आवडू लागली, तर तिला काय म्हणावे, हे आम्हांला कोणी शिकवले नाही. मी ते एका छापखान्यात शिकलो. आणि पहिल्यांदा चुकीचे शिकलो.

१९८३ साली बारावी नापास होऊन मी पुण्यात आलो आणि एका लहानशा छापखान्यात जुळारी म्हणून राहिलो. आज हा व्यवसाय उरलेला नाही, म्हणून त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. शिशाच्या मिश्रधातूत ओतलेल्या अक्षराला आम्ही खिळा म्हणत असू. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे असल्यामुळे इंग्रजीच्या मानाने आमच्या केसमध्ये कितीतरी अधिक खण असत. डाव्या हातात स्टिक धरायची, समोर लेखकाची हस्तलिखित प्रत ठेवायची आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. जुळवलेला मजकूर लांबट पत्र्याच्या गॅलीत ठेवून त्याचे कच्चे मुद्रित काढायचे. छपाई झाली की तेच खिळे पुन्हा आपापल्या खणांत परत टाकायचे. काल एखाद्याच्या मृत्युलेखात असलेला 'प' आज लग्नपत्रिकेत जाऊन बसे. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते. महिन्याभरात डोळ्यांना उलटे वाचण्याची सवय होते. पण त्या वाचण्यात अर्थ कमी आणि आकार अधिक असतो. बहुतेक जुळारी मजकूर वाचत नसत, जुळवत असत.

त्या छापखान्यात मुद्रिते तपासायला एक बाई येत. आम्ही सगळेच त्यांना 'बाई' म्हणत असू. त्या माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. खिडकीजवळच्या टेबलाशी त्या बसत. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. हातांत दोन साधने: तांबड्या शाईचे पेन आणि शिसपेन्सिल. दुपारी यंत्रघरातले ट्रेडल थांबले की पाने उलटण्याचा आवाज ऐकू येई आणि त्या बसल्या आहेत हे मागे न पाहता कळे. मी ट्रेडल थांबण्याची वाट पाहू लागलो, यावरून वाचकांनी समजायचे ते समजावे.

दिवाळी अंकांच्या कामाचे दिवस होते. श्रावणापासून आश्विनापर्यंत छापखान्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. प्रेमकथांचा तर पूर लोटलेला असे आणि त्या कथांमधल्या नायिकांना माझे हात ओळखू लागले होते. टपोरे डोळे, चाफेकळीसारखे नाक, रेशमी केस, गालांवरची खळी ही वाक्ये मी इतक्या वेळा जुळवली होती की प्रत न पाहताही ती स्टिकमध्ये उतरत. मनात एक हुरहूर होती आणि हातांत ही आयती सामग्री. मी एका संध्याकाळी आठ ओळींची चिठ्ठी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी मुद्रितांच्या गुंडाळीत घालून बाईंच्या टेबलावर ठेवली. तिच्यात टपोरे डोळे होते. चाफेकळीही होती.

चिठ्ठी दुपारीच परत आली, तपासलेल्या मुद्रितांबरोबर. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका तांबड्या शाईने दुरुस्त केलेल्या होत्या. 'टपोरे डोळे' या शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि समासात पेन्सिलीनेच तीन शब्द लिहिले होते: 'मूळ प्रत पाहावी.'

मुद्रितशोधनाच्या व्यवहारात हा नेहमीचा शेरा आहे. जुळलेला मजकूर आणि लेखकाने लिहिलेला मजकूर यांत फरक पडला आहे असा संशय आला की तपासणारा तो समासात लिहितो. मी मान वर करून खिडकीकडे पाहिले. जाड भिंगांआड त्यांचे डोळे बारीक दिसत होते, थोडे थकलेले आणि अतिशय सावध. टपोरे मुळीच नव्हते. गेले सहा महिने मी रोज त्यांच्याकडे पाहत होतो आणि तरीही त्यांना एकदाही पाहिलेले नव्हते.

रागावून त्यांनी मालकांकडे तक्रार केली असती, तर ते न्याय्यच झाले असते. आज त्या चिठ्ठीचा विचार करताना मला तिच्यातल्या भाषेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची अधिक लाज वाटते. जिथे एखाद्या स्त्रीला पोटासाठी रोज यावेच लागते, तिथे तिच्या रूपाविषयी लिहून तिच्या टेबलावर ठेवायचे, म्हणजे तिच्या दिवसभराच्या कामात आणखी एका कामाची भर घालायची. त्या चिठ्ठीचे काय करायचे, चेहरा कसा ठेवायचा, उद्या त्या जुळाऱ्याशी कोणत्या आवाजात बोलायचे, हे सगळे ठरवणे तिच्यावर येऊन पडते. माझ्या शब्दांनी तिला काही दिले नव्हते. उलट तिच्याकडून काही मागितले होते.

त्या शेऱ्यानंतर मी खरोखरच मूळ प्रत पाहू लागलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती पेन आणि पेन्सिल यांतला फरक. जुळाऱ्याची चूक असली तर बाई तांबड्या शाईने खूण करीत. तिथे शंकेला जागा नसे. परंतु चूक लेखकाची असावी असे वाटले, तर त्या पेन्सिल उचलत. लेखकाच्या वाक्याला शाई लावायची नाही, फक्त विचारायचे आणि लेखक 'आहे तसेच असू द्या' म्हणाला तर ती खूण खोडरबराने पुसून टाकायची, हा त्यांचा नियम होता. कोणी त्यांना तो घालून दिलेला नव्हता. दुसरी गोष्ट, मालक जवळ उभे असले की त्या कोणत्या जुळाऱ्याच्या किती चुका निघाल्या हे कधी सांगत नसत. मालक गेल्यावर फोरमनच्या हाती गॅलीचे मुद्रित देत आणि म्हणत, "जरा नजर लागलीय या पानाला." आम्ही हसत असू, पण पुढच्या पानावर चुका कमी होत.

त्याच सुमारास एका निवृत्त शिक्षकाच्या आठवणींचे पुस्तक स्वखर्चाने छापायला आले. म्हातारे गृहस्थ जुन्या वळणाचे लेखन करीत. 'नाहीं', 'कांहीं', 'केलें' असे सगळे अनुस्वार त्यांच्या प्रतीत जागच्या जागी असत. मराठी साहित्य महामंडळाचे नवे लेखननियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी भर पडली आणि न उच्चारले जाणारे हे अनुस्वार लेखनातून गेले. पुस्तक नव्या नियमांनुसार छापायचे असे ठरले होते, म्हणून बाई निमूटपणे एकेक अनुस्वार काढीत होत्या. एका प्रकरणात मात्र लेखकाच्या दिवंगत पत्नीचे एक पत्र जसेच्या तसे दिलेले होते. त्या पत्रावर तांबडी खूण नव्हती. समासात पेन्सिलीने लिहिले होते: 'पत्र त्यांचे आहे. त्यांचे अनुस्वार ठेवावेत का?' म्हातारे गृहस्थ मुद्रिते न्यायला आले, उभ्याउभ्या ते पान त्यांनी वाचले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठेवा." त्या पानाची अंतिम जुळणी माझ्याकडे होती. आयुष्यात पहिल्यांदा मी खिळे जुळवताना मजकूर वाचला.

पुढे पदवीच्या अभ्यासात 'गाथासप्तशती' वाचताना मला हे दिवस फार आठवले. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या या संग्रहात प्रेमिकांच्या गाथा शेकड्यांनी आहेत आणि त्यांतली माणसे बहुधा कामात असतात. शेत राखणारी, पाणी भरणारी, रांधणारी. एका गाथेत स्वयंपाक करता करता गृहिणीचा काजळी लागलेला हात चेहऱ्याला पुसला जातो आणि तिच्याकडे पाहून नवऱ्याला हसू येते; डाग असलेल्या चंद्रासारखे तिचे मुख त्याला दिसते. चंद्राची उपमा त्या काळीही काही नवी नसणार. नवी होती ती काजळी. त्या घरातल्या, त्या दुपारच्या, त्या एका बाईच्या गालावरची. ती पाहिल्यावाचून ही उपमा त्याला सुचलीच नसती. माझ्या चिठ्ठीत नुसता चंद्र होता.

स्तुतीसाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही, आणि त्यांच्या मुळाशी गेले तर मौज वाटते. 'वाखाणणे' हे 'व्याख्यान' या शब्दापासून आले. म्हणजे वाखाणायचे तर उलगडून सांगता आले पाहिजे. 'तारीफ' अरबीतून आपल्याकडे आली आणि तिकडे तिचा अर्थ ओळख करून देणे, व्याख्या करणे असा आहे. हिंदी-उर्दूत अजूनही 'आपकी तारीफ?' असे विचारून नाव-गाव विचारतात ते त्यामुळेच. 'कौतुक' या संस्कृत शब्दात कुतूहल आहे. या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'दाद'. फारसीत दाद म्हणजे न्याय. कचेरीत माणूस दाद मागतो ती हीच आणि मैफलीत श्रोता दाद देतो तीही हीच. 'दाद ना फिर्याद' म्हणतो तेव्हा आपल्याला गाण्याची आठवण होत नाही, पण शब्द एकच आहे. एखाद्याने काळजीपूर्वक केलेले आणि कोणाच्याच नजरेला न पडलेले काही आपण पाहिले आणि तसे सांगितले, तर त्याच्या पदरात त्याचे टाकले, एवढाच त्याचा अर्थ. 'खुशामत' हाही फारसीच पाहुणा आहे, पण तो दुसऱ्या दाराने आत येतो.

अर्थात हे शब्दज्ञान मला त्या वेळी नव्हते. आठवणींच्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा यंत्रावर चढला त्या संध्याकाळी पाऊस होता. बाई छत्री उघडून दारात थांबल्या होत्या. मी जवळ गेलो आणि अडखळत म्हणालो, "बाई, त्या पत्रातल्या अनुस्वारांना तुम्ही शाई लावली नाहीत. पेन्सिलीनं विचारलंत. मी ते पान जुळवलं." पुढे बोलायला मजजवळ काही नव्हते. चंद्र नव्हता, चाफा नव्हता. त्यांनी छत्री मिटली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं मला." आणि प्रथमच त्या माझ्याकडे पाहून हसल्या. मग छत्री पुन्हा उघडून गेल्या.

गोष्ट इथे संपली असती तर सुरेख झाले असते, आणि खोटेही. त्या हसण्याने मला धीर आला. दोन आठवड्यांनी मी त्यांना लग्नाविषयी विचारले. त्यांनी ऐकून घेतले. घरी त्यांच्यावर दोन धाकट्या भावांच्या शिक्षणाची जबाबदारी होती; पण त्यांनी त्या जबाबदारीची सबब पुढे केली नाही. "माझ्या मनात तसं काही नाही," असे त्यांनी सरळ सांगितले. नंतर क्षणभर थांबून विचारले, "त्या दिवशी अनुस्वारांबद्दल बोललात, ते यासाठी बोलला होतात का?"

मला उत्तर देता आले नाही. खरे उत्तर 'थोडेसे' असे होते.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी स्वतःला ओळखू नये असा वागलो. जे बोललो ते परत घ्यावेसे वाटे. अनुस्वारांचे एवढे काय, पगार मिळतो म्हणून करते, असे मी मनाशी म्हणत असे. एका गॅलीत त्यांनी दाखवलेल्या तीन दुरुस्त्या मी मुद्दाम केल्या नाहीत. चिमट्याने चुकीचा खिळा काढून योग्य खिळा बसवायला अर्धे मिनिट लागते. मी तो चिमटा हातात घेतला आणि खाली ठेवला. दुसरे मुद्रित त्यांच्याकडे गेले. त्या तीनही जागा त्यांना पुन्हा दिसणार, त्या चिडणार, मालकांना सांगणार आणि माझ्या मनातल्या बोलण्याला आधार मिळणार, अशी माझी अटकळ होती.

मुद्रित परत आले. तीनही जागी पुन्हा खुणा होत्या. त्या तांबड्या नव्हत्या, पेन्सिलीच्या होत्या. आणि प्रत्येकीपुढे एक प्रश्नचिन्ह होते.

जुळाऱ्याच्या चुकीला त्यांनी पेन्सिल लावल्याचे मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. मी दुरुस्त्या केल्या. जेवणाच्या सुट्टीत टेबलाजवळ गेलो आणि म्हणालो, "अनुस्वारांबद्दल मी बोललो ते खरं होतं. तुम्ही होय म्हणाला असतात तरी, नाही म्हणालात तरी." त्यांनी मान हलवली. डबा उघडता उघडता म्हणाल्या, "तुम्ही मजकूर वाचता. तुमच्या चुका पाहिल्या की कळतं. कंटाळलेल्या माणसाच्या चुका निराळ्या असतात. तुम्ही पुढं काय होणार या नादात एखादा काना विसरता. शिकायचं का सोडलंत?"

माझ्या चुकांमध्ये कोणी असे काही पाहिले असेल, ही कल्पनाच मला नवी होती. त्या वर्षाअखेरीस बाईंना दुसऱ्या गावी नोकरी मिळाली आणि त्या गेल्या. पुढे संगणकावर अक्षरजुळणी होऊ लागली, आमचे खिळे वजनावर भंगारात गेले आणि मी पस्तिशीकडे झुकत असताना कळफलक शिकलो. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले होते. पूर्वतयारीची परीक्षा देऊन मी बी. ए.ला नाव घातले. रात्री दहानंतर, कामाने जड झालेल्या डोळ्यांनी पुस्तक उघडण्याचा अनुभव हा पाठ वाचणाऱ्यांपैकी अनेकांना असेल, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. पान उलटताना कधी कधी तो डबा उघडण्याचा आवाज आठवे, एवढे सांगतो.

माझे लग्न या सगळ्यानंतर, रीतसर पाहून-सवरून झाले. आमच्या गावाकडचीच मुलगी. प्रेम आधी नव्हते. ते नंतर, हळूहळू आणि न सांगता आले. न सांगता आले हीच अडचण. वडिलांसारखा मीही जेवताना "मीठ बरोबर आहे" म्हणू लागलो होतो. एकदा धीर करून मी तिला म्हटले, "आज छान दिसतेस." तिने पोळी लाटता लाटता विचारले, "काय हवंय?" मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. आमच्या घरांतल्या स्त्रियांना गोड शब्द ऐकू येतात ते बहुधा काही मागणी पाठोपाठ येत असताना, हे तिचे गणित चुकीचे नव्हते.

ती आमच्या चाळीतल्या बायकांची भिशी सांभाळते. दर महिन्याच्या पाच तारखेला वीस जणी आमच्या घरी जमतात. गेल्या वर्षी मी आतल्या खोलीत मुद्रिते तपासत बसलो होतो (हे काम आता मी करतो) आणि दार उघडे होते. पैसे गोळा करताना ती मोठ्याने नावे घेत नाही, हे माझ्या ध्यानात आले. एक कापडी पिशवी सगळ्यांत फिरते आणि ज्याने त्याने आपले पाकीट तिच्यात टाकायचे असते. कोणाचे पाकीट आले नाही, हे सगळ्या गेल्यावर एकट्या हिलाच कळते. मग दुसऱ्या दिवशी ती त्या बाईकडे विरजण मागायच्या निमित्ताने जाते. आमच्या घरी विरजण नेहमी असते.

त्या रात्री मी तिला म्हणालो, "पिशवी फिरवतेस ते फार चांगलं करतेस. आणि विरजणाचंही."

ती भांडी पुसत होती. हात थांबला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दार उघडं होतं."

ती काही वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग सवयीने म्हणाली, "काय हवंय?"

"काही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुसलेले पातेले पुन्हा एकदा पुसू लागली.